हॅक-अँड-स्लॅश आरपीजी : मारामारीसाठी लूट की लुटीसाठी मारामारी?

अनगोळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. 'डायब्लो'च्या घराण्यातल्या हॅक-अँड-स्लॅश आरपीजींवर (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम) इथे कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच मंडळी इथे आहेत आणि त्यातल्या पुष्कळांनी हे खेळ सायबर कॅफेत नाहीतर इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात लॅनवर (संगणक एकमेकांना जोडून) खेळलेत. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकाच रांगेत बसायची आणि बॉस, म्हणजे मोठा राक्षस, पडला की ओरडा तिन्ही भाषांत व्हायचा. तेव्हा अनुभवाची कमी नाही, लिहा मोकळेपणाने.

कुठल्या खेळांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. वरून तिरका दिसणारा नकाशा, क्लिक केलं की धावणारा एकटा वीर, समोर राक्षसांची झुंड आणि झुंड संपली की जमिनीवर पसरलेली हत्यारं, चिलखतं, अंगठ्या. 'डेव्हिल मे क्राय' किंवा 'गॉड ऑफ वॉर' यांनाही लोक हॅक-अँड-स्लॅश म्हणतात, पण तिथे सगळी मदार बोटांवर असते. आपल्या प्रकारात अर्धी लढाई बोटांची आणि अर्धी हिशेबाची.

हा हिशेब आला कुठून? पहिला 'डायब्लो' १९९६ च्या अगदी शेवटी आला. डेव्हिड ब्रेव्हिक यांच्या चमूने तो मुळात आळीपाळीने चालायचा खेळ म्हणून आखला होता, १९८० च्या 'रोग'च्या वळणाचा. तुम्ही एक पाऊल टाका, मग राक्षस एक पाऊल टाकणार. खेळ काढणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीचा आग्रह पडला की खेळ थेट चालू द्या, थांबणं नको. ब्रेव्हिक यांचा आधी विरोध होता. मग त्यांनी स्वतःच तो बदल करून पाहिला, क्लिक केल्याबरोबर योद्ध्याने सांगाडा फोडला आणि त्या क्षणी आपल्याला काय गवसलंय ते कळलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे खाली जुना हिशेब तसाच राहिला: वार लागण्याची शक्यता, चिलखताचा आकडा, दर वेळी नवा नकाशा, दर वेळी नवी लूट. फक्त विचार करायला मिळणारा वेळ काढून घेतला. माझ्या मते या प्रकाराचं सगळं बळ त्या एका बदलात आहे. विचार लढाईच्या आधी करून ठेवायचा, लढाईत तो पारखला जातो.

हा 'आधी करून ठेवलेला विचार' म्हणजे बिल्ड. २००० साली आलेल्या 'डायब्लो २' ने बिल्डला खरा अर्थ दिला. एकच नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक) घ्या. कुणी सांगाड्यांची फौज उभी करून स्वतः मागे थांबतो, कुणी हाडांचे भाले फेकतो, कुणी शाप देऊन शत्रूंना आपसांत लढवतो. तिघांचा वर्ग (पात्राचा प्रकार) एक, खेळ तीन. पुढे 'पाथ ऑफ एक्झाइल'ने (२०१३, न्यूझीलंडचा ग्राइंडिंग गिअर गेम्स) विद्या हीच वस्तू केली. आगीचा गोळा हा एक खडा, तो चिलखताच्या खाचेत बसवायचा. शेजारच्या जोडलेल्या खाचेत दुसरा खडा बसवला की एका गोळ्याचे अनेक होतात. कुठलाही वर्ग कुठलाही खडा वापरू शकतो. यामुळे जी जुळवाजुळव सुरू होते, तिला अंत नाही.

आता माझं म्हणणं. या प्रकारातला कुठलाही खेळ मी एकाच प्रश्नावर तोलतो: सापडलेली वस्तू माझी लढण्याची रीत बदलते, की फक्त आकडा वाढवते? 'डायब्लो २' मध्ये 'एनिग्मा' नावाचं रूनवर्ड आहे, जाह, इथ आणि बेर हे तीन रून (मंतरलेले दगड) तीन खाचांच्या चिलखतात बसवले की तयार होतं. ते घातलं की टेलिपोर्ट करता येतं, मग तुम्ही जादू न येणारा बार्बेरियन योद्धा का असेना. पायी चालणारा गडी भिंतीपलीकडे उडी घेऊ लागतो आणि सगळा नकाशा नवा होतो. ही लूट मारामारीची सेवा करते. उलट बाजूला 'डायब्लो ३' चा उत्तरकाळ. चिलखतांचा संच पूर्ण केला की वारांची ताकद हजारो टक्क्यांनी वाढते, पडद्यावर अब्जांचे आकडे उडतात, ग्रेटर रिफ्टच्या (चढत्या अवघडपणाच्या तळघरांच्या) पायऱ्या १५० पर्यंत जातात, आणि पन्नासाव्या पायरीवर मी जे करत होतो तेच शंभराव्या पायरीवर करत असतो. राक्षसाचा आकडा वाढला, माझा आकडा वाढला, गोळाबेरीज तीच.

याच खेळाने आणखी एक धडा दिलाय. २०१२ मध्ये तो आला तेव्हा त्यात खऱ्या पैशांचा लिलाव होता. चांगली तलवार हवी तर राक्षस मारत बसण्यापेक्षा बाजारात जाऊन घेणं सोपं. राक्षस मारायचं कारणच गेलं. हा लिलाव खेळाच्या गाभ्याला बाधतो, असं शेवटी बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं आणि १८ मार्च २०१४ ला तो बंद केला. आठवड्याभरात 'रीपर ऑफ सोल्स' हा विस्तार आला, लुटीची रचना बदलली आणि त्याच खेळात जीव आला. खेळ तोच, राक्षस तेच, बदलला तो लूट आणि लढाई यांच्यातला संबंध.

कथेबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी ती थोडकीच असते. गावात म्हातारा उभा, तो सांगतो तळघरात जा. पहिल्या 'डायब्लो'ला तेवढं पुरलं, कारण ट्रिस्ट्रम गावाचं संगीत आणि काळोख उरलेलं काम करत होते. पंचवीस वर्षांनी तेवढंच देऊन भागत नाही.

तुमचं मत काय? आवडतं काय, खटकतं काय, आणि कशामुळे सोडून दिलात?

---

निपाणी_नाका

अनगोळकर दादा, लई भारी लिहिलाय, खरं मला पटलं नाही सगळं.

तोच नकाशा परत परत मारण्यात कमीपणा काय हाय? मी दिवसभर वखारीत तंबाखूच्या बोदांचा हिशेब बघतो. रात्री घरी आल्यावर मला नवीन विचार नको असतो. 'डायब्लो २' लावायचा, तिसऱ्या अंकातल्या ड्युरन्स ऑफ हेटच्या दुसऱ्या मजल्यावर उतरायचं, जिना शोधायचा, मेफिस्टोला पाडायचं, काय पडलं ते बघायचं, बाहेर, पुन्हा आत. हात आपोआप चालतात, डोकं मोकळं होतं. तुम्ही म्हणता लढण्याची रीत बदलली पाहिजे. मला न बदलणारीच पाहिजे की.

आणि ती न बदलणारी रीत सुद्धा मी कमावलेली असते. पहिल्यांदा त्या मेफिस्टोनं मला किती वेळा लोळवलं असेल. आता खंदकाच्या अलीकडं उभारून, त्याला पलीकडं अडकवून जादूगारणीनं मारतो. ते कुणी हातात दिलं नाही.

मला खटकतं ते दुसरंच. हल्लीचे खेळ मला माझ्या वेळेला खेळू देत नाहीत. सीझन सुरू झाला, तीन महिन्यांत संपणार, नवीन पात्र काढा, शून्यापासून या. मी दोन आठवडे लग्नसराईत अडकलो की मागं पडलो. 'डायब्लो २' मधी माझं पात्र मी ठेवलं तिथंच हाय अजून.

---

संकेश्वरी_मिरची

खेळणारी मी नाही, माझा भाचा आहे. पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

दादा, तुम्ही लूट लूट म्हणताय, त्यातला धोका कुणीतरी मांडायला हवा. मी मानसशास्त्र शिकवते. बक्षीस कधी मिळेल ते ठाऊक नसलं की प्राणी ती कृती सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात चिकाटीने करत राहतो, हे स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवून दिलं. ठरलेल्या वेळी दाणा मिळणारं पाखरू मध्ये विसावा घेतं. अनिश्चित दाण्यावरचं पाखरू थांबत नाही. तुमच्या खेळातला जमिनीवर पडणारा सोनेरी तुकडा याच तत्त्वावर चालतो. आमच्या भागातल्या मटक्याच्या आकड्याची ओढ अशीच होती, ती मी घरात जवळून पाहिली आहे.

भाचा नववीत आहे. मोबाइलवर याच पठडीतला एक खेळ खेळायचा. त्यात पैसे भरून चांगली लूट पडण्याची शक्यता वाढवता येत होती. वस्तू विकत मिळत नाही, शक्यता विकत मिळते. त्याच्या आईच्या खात्यातून रक्कम गेली तेव्हा घरात कळलं. 'डायब्लो इम्मॉर्टल' २०२२ मध्ये आला तेव्हा बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो प्रसिद्धच केला गेला नाही, कारण तिथे अशा लूटपेटीला जुगाराचे नियम लागण्याचा प्रश्न होता. आपल्याकडे पालकांना निदान एवढं तरी माहीत असावं.

तुम्ही सगळे मोठे आहात, नोकरीधंद्यातले आहात. तुमच्यासाठी हा विसावा असेल, मी नाकारत नाही. पण याचं बळ आणि याची दुर्बलता या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत असं मला वाचताना वाटत राहिलं.

---

अनगोळकर

@संकेश्वरी_मिरची ताई, फार मोलाचा प्रतिसाद. अनिश्चित लुटीची ओढ याच तत्त्वावर चालते हे मान्य, त्यात वाद नाही. मला फरक दिसतो तो असा: 'डायब्लो २' किंवा 'ग्रिम डॉन'मध्ये एकदा पैसे दिले की खेळाला तुमच्याकडून पुढे काही नको असतं. तुम्ही थांबलात तर बनवणाऱ्याचं काही जात नाही. मोबाइलवरच्या त्या खेळाचा धंदाच तुम्ही न थांबण्यावर उभा असतो. एकाच तत्त्वाचा वापर कोण कशासाठी करतोय, ते तपासावं लागतं. भाच्यासाठी सांगायचं तर फोनमधली खरेदी पासवर्डाखाली ठेवा आणि त्याला खेळायचाच असेल तर एकरकमी विकत मिळणारा खेळ द्या.

@निपाणी_नाका भावा, मेफिस्टोचं तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की! खंदकाची युक्ती म्हणजे तू लढण्याची रीत शोधलीस. सीझनबद्दल शंभर टक्के सहमत.

---

भीमगड_वारा

खानापूर तालुक्यातून लिहितोय, जंगलाच्या काठावरून. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, झाडं तारांवर पडतात, वीज कधी जाईल सांगता येत नाही. तेव्हा माझ्या दृष्टीने या खेळांचे दोनच प्रकार: इंटरनेटशिवाय चालणारे आणि न चालणारे.

हार्डकोअर प्रकार माहीत नसणाऱ्यांसाठी: पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं. मला तोच आवडतो. प्रत्येक दार उघडताना छातीत धडधड होते, जीवनरसाची बाटली कधी प्यायची याला अर्थ येतो. पण ऑनलाइन हार्डकोअर म्हणजे आमच्यासाठी क्रूर प्रकार. जोडणी तुटते, आपल्यासमोरचा पडदा काळा होतो, आणि तिकडे सर्व्हरवर आपलं पात्र काही क्षण उभंच असतं. मी असं एक चांगलं वाढवलेलं पात्र घालवलंय. मी हरलो असतो तर दुःख नव्हतं. माझ्यावर कुणी डाव जिंकलाच नव्हता. 'डायब्लो ३' संगणकावर एकट्याने खेळायलाही इंटरनेट मागत होता आणि पहिल्याच दिवशी जगभरचे लोक 'एरर ३७' (सर्व्हरवर जागा नसल्याची सूचना) बघत बसले होते. त्याच वर्षी, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये 'टॉर्चलाइट २' आला. वीस डॉलर किंमत, ऑफलाइन चालतो, आणि सरळ लॅनवर मित्रांबरोबर खेळता येतो. 'डायब्लो'च्या जुन्या चमूतलेच काही लोक त्यामागे होते.

आम्ही चौघांनी तो एका घरात एका राउटरवर, इन्व्हर्टरच्या जोरावर खेळलाय. बाहेर धो धो पाऊस, इंटरनेट दोन दिवस बंद आणि आमचा खेळ चालू. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पाळीव प्राणी. पोतं भरलं की नको ती लूट कुत्र्याच्या पाठीवर टाकायची आणि त्याला गावात विकायला पाठवायचं. तो विकून, सांगितलेल्या बाटल्या घेऊन परत येतो, तोवर तुम्ही लढत राहा. पोतं आवरत बसणं हे या सगळ्या खेळांचं जुनं दुखणं आहे आणि इतका सोपा उपाय दुसऱ्या कुणी इतक्या प्रेमाने केलेला मी पाहिला नाही. हा स्टुडिओ, रनिक गेम्स, २०१७ मध्ये बंद झाला. त्यांचा खेळ माझ्याकडे अजून चालतो, कारण तो कुणाच्या सर्व्हरवर जगत नाही.

---

मागचा_बाक

'पाथ ऑफ एक्झाइल' खेळणारा म्हणून थोडी बाजू मांडतो.

सीझनला, म्हणजे आमच्या लीगला, सगळे नावं ठेवताहेत. पण नवीन लीगच्या पहिल्या आठवड्यासारखी मजा कशातच नाही. सगळे एकाच वेळी उघडे-नागडे समुद्रकिनाऱ्यावर उतरतात. कालचा श्रीमंत आणि आजचा नवखा एका रांगेत. एखादी फालतू अंगठीही तेव्हा मोलाची असते. जुन्या पात्रात तिकडे पेटारे भरलेले असतील, तिथे सापडलेल्या वस्तूची किंमत शून्य. म्हणजे लुटीला पुन्हा अर्थ यावा म्हणून सगळं पुसायचं.

दुसरं, या खेळाने सुरुवातीला सोन्याची नाणी ठेवलीच नाहीत. चलन म्हणजे वेगवेगळे गोळे, आणि प्रत्येक गोळ्याचा स्वतःचा उपयोग. केऑस ऑर्ब वस्तूचे गुण बदलतो. तो वापरून टाकायचा की त्यात दुसऱ्याकडून काही घ्यायचं, हा निर्णय कायम डोक्यात. 'डायब्लो २' मधलं सोनं इतकं निरुपयोगी झालं होतं की लोक 'स्टोन ऑफ जॉर्डन' अंगठी चलन म्हणून वापरू लागले आणि मग तिच्या नकला निघाल्या. तो घोळ या रचनेत मुळातूनच टळला.

तक्रारी माझ्याही आहेत. पॅसिव्ह झाडावर (पात्राचे कायमचे गुण निवडायच्या नकाशावर) तेराशेहून जास्त बिंदू. पहिल्यांदा उघडल्यावर माझ्या रूममेटने लॅपटॉप मिटवला. त्यामुळे नव्वद टक्के नवखे कुणाचं तरी तयार बिल्ड उतरवून घेतात. मग अनगोळकर म्हणतात तो 'आधी केलेला विचार' दुसऱ्याचा असतो आणि आपण फक्त बटणं दाबतो. हे दुखणं खरं आहे आणि त्यावर उपाय मला दिसत नाही. झाड लहान केलं तर खेळच जाईल.

---

वडगावकरीण

इथे हातांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी शिवणकाम करते, मनगट हे माझं पोटाचं साधन आहे. चालायला क्लिक, मारायला क्लिक, उचलायला क्लिक. तासभर झाला की अंगठ्याखालची शीर धरते. डॉक्टरांनी खेळ सोडा म्हटलं नाही, क्लिक कमी करा म्हटलं.

म्हणून मी कंट्रोलर घेतला आणि माझ्यासाठी हा प्रकार पुन्हा सुरू झाला. 'डायब्लो ३' २०१३ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा त्यांनी नुसती बटणं जुळवली नाहीत, उजव्या काडीवर लोळण घ्यायची सोय दिली. त्याने लढाईची चालच बदलते. नुसतं उभं राहून सोसायचं नाही, वार चुकवायचा. 'पाथ ऑफ एक्झाइल २' (डिसेंबर २०२४ मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, खेळायला मिळाला) मध्ये कळफलकानेही चालता येतं आणि लोळण पहिल्यापासून हातात आहे. माऊसचा ताबा पायांवरून सुटला की तो फक्त नेम धरायला उरतो. ज्यांची मनगटं दुखतात त्यांनी हे नक्की करून बघा.

आणखी एक. पुढे पुढे पडद्यावर इतकी रोषणाई होते की मी कशाने मेले तेच कळत नाही. बर्फ, आग, वीज, माझीच फौज, त्यात जमिनीवरचा जीवघेणा डाग कुठे दिसणार? हरण्यातून शिकायचं तर हरण्याचं कारण दिसायला हवं ना. पहिल्या 'डायब्लो'त बुचर (कसाई राक्षस) दार उघडताच अंगावर यायचा आणि मेलो तर का मेलो ते लख्ख कळायचं. या एका बाबतीत जुने खेळ पुढे आहेत असं माझं ठाम मत आहे.

---

निपाणी_नाका

वडगावकरीण ताई, कंट्रोलरचं करून बघतो. माझं पण मनगट बोलतंय हल्ली.

---

हलशीकर

चर्चा छान चालली आहे. मला कथेच्या आणि जागेच्या बाजूने लिहायचं आहे, कारण अनगोळकरांनी तो विषय चार ओळींत संपवला आणि तिथे या प्रकाराने सगळ्यात जास्त गमावलं आहे.

'टायटन क्वेस्ट' (२००६, आयर्न लोर) कुणी खेळलाय का? तो ग्रीसमध्ये सुरू होतो, मग इजिप्त, मग बाबिलोन, तिथून रेशीम मार्गाने चीन. दिवसाउजेडी, ऑलिव्हच्या बागांतून. भूत-सैतानांच्या काळोख्या तळघरांची सवय झालेल्या डोळ्यांना तो उजेड केवढा वेगळा वाटतो! आणि त्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोठी वाटते: शत्रूच्या हातात जो भाला दिसतो, तोच तो मेल्यावर पडतो. एखादा सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड) चमकती ढाल घेऊन आला की लांबूनच कळतं, याच्याकडे काहीतरी आहे. लूट आकाशातून पडत नाही, ती कुणाची तरी असते. तेवढ्याने ते जग खरं वाटायला लागतं. लांडगा मारला आणि पोटातून चिलखत निघालं, हा प्रकार मला कधी सहन झाला नाही.

'ग्रिम डॉन' (२०१६) हा त्याच वंशातला, 'टायटन क्वेस्ट'वर काम केलेल्या लोकांच्या क्रेट एंटरटेनमेंटचा. त्यात दोन विद्या एकत्र करायच्या. २०१९ पर्यंतचे विस्तार धरून नऊ विद्या, म्हणजे जोड्या छत्तीस. पण मला तो आठवतो वेगळ्याच कारणासाठी. एका टप्प्यावर दोन पंथांतला एक निवडावा लागतो आणि दुसरा तुमचा वैरी होतो. आरपीजी या नावातली 'भूमिका' तिथे थोडी तरी शिल्लक आहे. बाकी ठिकाणी भूमिका म्हणजे फक्त आकडे.

आता मनातलं बोलतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. तो लुटीचा खेळ नाही, ठरलेल्या वाटेने जाणारी साहसकथा आहे. पण राजस्थानी किल्ले, दुर्गा, विष्णू, भिंतीवरच्या चित्रांतून उलगडणारी पुराणकथा हे सगळं पडद्यावर बघताना वाटलं, हे आपल्याकडे होऊ शकतं. मग आमच्या खानापूर तालुक्यावर का नाही? हलशीला कदंबांचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, देगावला कमलनारायणाचं. भीमगडाच्या रानात, तळेवाडीजवळ, बारापेडे गुहा आहेत, तिथे रॉटन्स फ्री-टेल्ड नावाचं जगातलं अतिशय दुर्मीळ वटवाघूळ राहतं. बेळगावजवळच्या राजहंसगडावरून सगळा मुलूख दिसतो. दर वेळी बदलणाऱ्या तळघरासाठी बारापेडेपेक्षा चांगली जागा कुणी शोधून दाखवावी. फक्त वटवाघळांना मारायचा खेळ नको. त्यांना सांभाळत आत जायचं, आवाज झाला तर ती उठतात आणि दिवे विझतात, असा नियम ठेवला तर हार्डकोअरवाल्यांनाही घाम फुटेल.

---

भीमगड_वारा

हलशीकर काका, मी तयार आहे. प्रोग्रामिंग मला थोडं येतं. आवाजाचा नियम लई आवडला. लुटीत काय ठेवायचं तेवढं ठरवा. तुमच्या 'टायटन क्वेस्ट'च्या न्यायाने अस्वलाच्या पोटातून तलवार निघून चालणार नाही!

---

हलशीकर

रानात सापडतील अशा वस्तू. मध, शिकेकाई, वेत, लोखंडाचा तुकडा. हत्यार सापडायचं नाही, घडवायचं. 'लास्ट एपॉक'मध्ये घडवण्याची जी पद्धत आहे ती बघून घे. प्रत्येक वस्तूला घडवण्याची ठराविक क्षमता असते, प्रत्येक घाव घातला की ती कमी होते. कुठे थांबायचं हे आपल्यावर. नशीब आहे, पण लगाम आपल्या हातात आहे.

---

अनगोळकर

'लास्ट एपॉक'चं नाव निघालं ते बरं झालं, मी विसरूनच चाललो होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पूर्ण रूपात आला. लिलावाच्या जुन्या भांडणावर त्यांनी काढलेला तोडगा मला आजवरचा सगळ्यात शहाणा वाटतो. दोन गट आहेत. एकात गेलात तर बाजारात खरेदी-विक्री करा. दुसऱ्यात गेलात तर बाजार बंद, पण राक्षसांकडून जास्त चांगली लूट पडणार. व्यापारी आणि शिकारी दोघांना आपापला खेळ मिळाला, एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची लूट पातळ केली नाही. शिवाय लूट गाळायची चाळणी खेळातच दिली आहे आणि ऑफलाइन खेळायचीही सोय आहे. भीमगडवाल्यांनी नोंद घ्यावी.

'डायब्लो ४' बद्दलही एक वाक्य लिहायला हवं. जून २०२३ मध्ये आला, पुढच्याच महिन्यात सगळ्यांची ताकद कापणारा पॅच (खेळातला बदल) आला आणि लोक इतके भडकले की असा पॅच पुन्हा काढणार नाही असं बनवणाऱ्यांना सांगावं लागलं. वस्तूंवर गुणांची इतकी बारीक यादी होती की एक अंगठी उचलली की हिशेबाची वही काढावीशी वाटे. मे २०२४ च्या चौथ्या सीझनमध्ये त्यांनी ती यादी छाटली. कमी लूट, पण बघण्यासारखी लूट. खेळ लगेच हलका झाला.

---

संकेश्वरी_मिरची

भाच्याला हा धागा वाचायला दिला. त्याने विचारलंय: जुना लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चार जीबी रॅम. एकदाच पैसे देऊन, इंटरनेट बंद ठेवून खेळता येईल असं काय आहे? मी परीक्षेनंतर घेऊन देणार आहे. रोजची वेळ ठरवली आहे, ती त्याने मान्य केली आहे.

---

भीमगड_वारा

ताई, 'टॉर्चलाइट २' घ्या. त्या लॅपटॉपवर अगदी आरामात चालेल. चित्रं कार्टूनसारखी आहेत, रक्तपात अंगावर येणारा नाही. सेलमध्ये किंमत बरीच उतरते, तेव्हा थांबून घ्या. त्याला एंजिनिअर वर्ग घ्यायला सांगा, ढाल आणि हातोडा, सुरुवातीला चटकन मरत नाही.

---

निपाणी_नाका

जुना 'डायब्लो २' पण चालतोय ताई, खरं त्यातलं रक्त आणि सैतान बघता नववीच्या पोराला नको. दोन-तीन वर्षं जाऊ देत.

तोवर माझ्यासारख्या जुन्यांसाठी लिहून ठेवतो, नवीन पात्र काढलं की रून टाकून देऊ नका. दोन खाचांचं साधं चिलखत घ्या, पांढऱ्या नाहीतर राखाडी नावाचं, जादूचं निळं नको. त्यात आधी ताल, मग एथ बसवा. 'स्टेल्थ' तयार होतं, सतराव्या पातळीला घालता येतं, पळणं वाढतं, मंत्र लवकर पडतो, जादूची शक्ती (माना) पण भरभर भरते. आगीची जादूगारीण असेल तर दोन खाचांच्या काठीत तिर आणि राल, 'लीफ' होतं, आगीच्या विद्या तीननं वाढतात. क्रम चुकला तर रून वाया, म्हणून बसवताना घाई नको.